लाल क्रूसाचे सेवक

पायाची जखम भरेना, म्हणून कामिलो दे लेल्लिस हा इटलीतला तरुण सैनिक १५७१ साली रोमच्या सान जाकोमो रुग्णालयात दाखल झाला. तिथंच पडेल ते काम करायचं आणि उपचार घ्यायचे, असा त्याचा क्रम होता. पण पत्त्यांचा नाद सुटेना, भांडणं थांबेनात. अखेर रुग्णालयानं त्याला काढून टाकलं. पुढं नेपल्समध्ये जुगारात होतं नव्हतं ते घालवून तो कापुचिन मठाच्या बांधकामावर मजुरी करू लागला. १५७५ च्या फेब्रुवारीत त्याचं मन पालटलं. साधू व्हायचं ठरलं, पण जखम पुन्हा चिघळली आणि मठानं त्याला परत पाठवलं.

तो पुन्हा सान जाकोमोतच आला, आणि कालांतरानं तिथला कारभारी झाला.

पगारी नोकर रुग्णांची किती हेळसांड करतात, हे त्यानं स्वतः खाटेवर पडून पाहिलं होतं. पैशासाठी नव्हे, तर देवाखातर सेवा करणारी माणसं हवीत, हा विचार १५८२ मध्ये पक्का झाला. १५८४ साली कामिलो धर्मगुरू झाले. १५८६ मध्ये पोप सिक्स्टस पाचवे यांनी त्यांच्या मंडळाला मान्यता दिली, काळ्या झग्यावर लाल क्रूस लावण्याची परवानगीही दिली. रेडक्रॉसचं चिन्ह यानंतर पावणेतीनशे वर्षांनी आलं. त्याचा उगम वेगळा.

ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन यांच्या जोडीला या मंडळींचं चौथं व्रत होतं: जिवावर बेतलं तरी रुग्णाची सेवा सोडायची नाही. ते कागदावर राहिलं नाही. १५८८ मध्ये नेपल्सच्या बंदराबाहेर साथीनं पछाडलेल्या गलबतांवर ते चढले. दोघे तिथल्या संसर्गानं दगावले.

कामिलोंचं खरं मोठेपण मात्र बारकाव्यांत दिसतं. वॉर्डात मोकळी हवा हवी, पथ्य ज्याचं त्याला, संसर्गाचे रुग्ण वेगळे, असा त्यांचा आग्रह असे. घाईघाईनं मेलेला समजून कोणी जिवंत पुरला जाऊ नये, म्हणून श्वास थांबल्यासारखा वाटला तरी पाव तास प्रार्थना चालू ठेवायची आणि चेहरा लगेच झाकायचा नाही, ही त्यांची शिकवण. ज्या काळात नाडी बघण्यापलीकडे फारसं साधन नव्हतं, त्या काळात या पंधरा मिनिटांनी किती जणांना वाचवलं असेल!

१५९८ मध्ये टायबर नदीचं पाणी सान्तो स्पिरितो रुग्णालयात शिरलं, तेव्हा कामिलो आणि त्यांचे सोबती रुग्णांना उचलून वरच्या मजल्यावर नेत राहिले.

पायाची जखम १६१४ मध्ये मृत्यू येईपर्यंत भरली नाही. १७४६ साली ते संत घोषित झाले आणि १८८६ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी त्यांना, संत जॉन ऑफ गॉड यांच्यासह, रुग्णांचे व रुग्णालयांचे आश्रयदाते संत ठरवलं. रोममधलं एक मोठं सार्वजनिक रुग्णालय आज सान कामिलो याच नावानं चालतं.