पुरात वाहून गेलेला पूल कोणाचा?

बीड म्हटले की दुष्काळ, टँकर आणि ऊसतोड, एवढीच आपल्या जिल्ह्याची ओळख उर्वरित महाराष्ट्राला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये याच जिल्ह्यात सिंदफणा आणि गोदावरीकाठची गावे पाण्याखाली गेली. शिरूर कासार, गेवराई, माजलगाव या तालुक्यांत उभी पिके गेली, शेतांतली माती खरवडून गेली, दावणीची जनावरे वाहून गेली. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने अतिवृष्टी आणि पूरग्रस्तांसाठी ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यातले १०,००० कोटी रुपये पायाभूत सुविधांसाठी, म्हणजे रस्ते, पूल आणि इतर सार्वजनिक बांधकामांसाठी असल्याचे सांगण्यात आले.

पिकांच्या भरपाईवर भरपूर बोलले गेले, मोर्चे निघाले, ते योग्यच झाले. आम्ही इथे या दुसऱ्या हिश्शाबद्दल लिहीत आहोत. कारण आपल्या वस्तीचा संबंध पिकाच्या भरपाईपेक्षा याच पैशाशी जास्त आहे, आणि त्यावर आपल्यातले कार्यकर्ते फारसे बोलताना दिसत नाहीत.

ज्याचा सातबारा नाही, त्याचे काय गेले?

पिकाची भरपाई ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला मिळते. खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७,००० रुपये आणि मनरेगातून हेक्टरी ३ लाख रुपयांपर्यंतची कामे जाहीर झाली, तीही जमीनधारकासाठी. खचलेल्या विहिरीला ३०,००० रुपये, ते विहिरीच्या मालकाला. बटईने कसणारा, गायरानावर पोट भरणारा, रोजंदारीवर खुरपणीला जाणारी बाई, कोयता घेऊन कारखान्याला जाणारी जोडपी यांच्या नावाचा रकाना त्या पंचनाम्यात नाही.

मग अशा माणसाचे पुरात काहीच गेले नाही का? गेले. वस्तीपासून गावात येणारा रस्ता गेला, म्हणून पोरगी आठवडाभर शाळेत गेली नाही. ओढ्यावरचा नळकांडी पूल गेला, म्हणून बाळंतीण खाटेवरून न्यावी लागली. हातपंपात गढूळ पाणी गेले. स्मशानभूमीचे शेड गेले. समाजमंदिराची भिंत फुगली. ही सगळी सार्वजनिक मालमत्ता आहे. ज्याच्याकडे ट्रॅक्टर, बोअर आणि शहरात फ्लॅट आहे त्याला तिच्यावाचून काही दिवस काढता येतात. ज्याच्याकडे यातले काही नाही त्याच्यासाठी रस्ता, पूल, घाट आणि नळ हीच इस्टेट आहे.

पूल का वाहून जातो?

हे समजून घेतल्याशिवाय दुरुस्तीवर देखरेख करता येत नाही. पूर पूल वरून ढकलून पाडतो असे आपल्याला वाटते. बहुतेक वेळा तो खालून पोखरतो. वेगाने वाहणारे पाणी खांबाच्या किंवा नळाच्या पायाजवळची माती उकरते, पाया उघडा पडतो आणि मग वरचे बांधकाम बसते. दुसरे कारण म्हणजे नळकांडी पुलांचे लहान नळ. पुरात झाडाच्या फांद्या, वेड्या बाभळी, ऊस, कडबा वाहत येतो आणि नळाच्या तोंडाशी अडकतो. पूल तेवढ्यापुरते धरण बनतो, पाणी बाजूने वाट काढते आणि दोन्हीकडचा भराव कापून नेते. सिमेंटचे बांधकाम जागेवर उभे आणि जोडरस्ता गायब, असे चित्र अनेकांनी पाहिले असेल.

कोल्हापुरी बंधाऱ्याचेही तसेच आहे. त्याची लोखंडी दारे पावसाळ्यापूर्वी काढायची आणि पावसाळा ओसरला की पुन्हा बसवायची, ही त्याची रीत. दारे वेळेवर निघाली नाहीत तर पूर बंधाऱ्याला वळसा घालून काठची जमीन खातो. अशा वेळी नुकसानीचे कारण पावसाइतकेच देखभालीतही असते.

म्हणून पुरानंतर त्याच जागी, त्याच उंचीचा, तेवढ्याच नळांचा पूल पुन्हा बांधला, तर तो पुढच्या पुरासाठीच बांधला. पाण्याची पातळी कुठपर्यंत आली होती त्याची खूण घरांच्या भिंतींवर, झाडांच्या बुंध्यांवर असते. ती खूण अंदाजपत्रक करणाऱ्या अभियंत्याला दाखवणे हे गावकऱ्यांचे काम आहे. भिंतीला रंग दिला की ती खूण जाते.

किल्लारीने काय शिकवले

पुनर्बांधणी म्हणजे सगळ्यांना सारखी मदत, असा आपला समज असतो. शेजारच्या लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांचा अनुभव वेगळा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घरे देताना माप जमिनीचे लावले गेले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० चौरस फूट आणि सात हेक्टरांहून जास्त जमीन असलेल्यांना ७५० चौरस फूट. भूकंपाने वाडा आणि खोपट दोन्ही जमीनदोस्त केले होते. नव्या गावाच्या नकाशात मात्र जुनी उतरंड सिमेंटमध्ये पुन्हा उभी राहिली. कोणी उघडपणे जातीचे नाव घेतले नाही. निकष जमिनीचा होता, आणि मराठवाड्यात भूमिहीन कोण हे सांगायची गरज नाही.

पुरानंतरच्या पुलांना आणि रस्त्यांनाही असेच निकष लागतात, फक्त ते नोंदवह्यांत लपलेले असतात. ग्रामपंचायतीच्या ताब्यातील रस्त्यांची नोंद नमुना २३ मध्ये असते, इमारती आणि इतर स्थावर मालमत्तेची नमुना २२ मध्ये. जिल्हा परिषदेच्या ग्रामीण रस्त्यांना क्रमांक असतो. आपल्या वस्तीचा रस्ता जर कुठल्याच नोंदीत नसेल, तर कागदावर तो कधी नव्हताच. आणि जो नव्हता तो पुरात वाहून कसा जाईल? वस्तीचा रस्ता यादीतून सुटतो तो बहुधा इथे.

कायदा कोणाच्या बाजूने आहे

सार्वजनिक पैशातून झालेल्या गोष्टींवर आपला हक्क, हा लढा आपल्याला नवा नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेली किंवा सांभाळलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुली असावीत, असा तो ठराव होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचे ठरवले. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारोंसह तळ्यावर जाऊन पाणी घेतले तेव्हा तो अमलात आला, आणि न्यायालयीन लढाई १९३७ पर्यंत चालली.

तेच सूत्र पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये आले. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि राज्याच्या पैशातून चालणारी सार्वजनिक ठिकाणे वापरण्यात जातीच्या कारणाने कोणालाही मज्जाव करता येत नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ चे कलम ६१ सांगते की भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यावरून भेदभाव करता येणार नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानंतर सामाईक साधनसंपत्ती, स्मशानभूमी, नदी, घाट किंवा रस्ता इतरांच्या बरोबरीने वापरण्यास अडथळा आणणे हा गुन्हा ठरला.

हे कायदे वापराबद्दल बोलतात. वाहून गेलेला घाट पुन्हा कुठे बांधायचा, पुलाचा क्रम यादीत कितवा, हे मात्र ग्रामसभा, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेत ठरते. तिथे आपण नसलो तर बांधलेली गोष्ट सर्वांना खुली असेल, पण आपल्या वाटेवर नसेल.

गिरनारच्या खडकावरचा पुरावा

पडलेले सार्वजनिक बांधकाम कसे उभारावे, याचा एक जुना दाखला आपल्या देशात दगडावर कोरलेला आहे. जुनागढजवळ गिरनारच्या पायथ्याशी ज्या खडकावर सम्राट अशोकाचे शिलालेख आहेत, त्याच खडकावर महाक्षत्रप रुद्रदामनचाही लेख आहे. तो सुदर्शन तलावाबद्दल आहे. हा तलाव चंद्रगुप्त मौर्याच्या काळात बांधला गेला आणि अशोकाच्या काळात त्याला कालवे जोडले गेले. पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात वादळी पावसाने नद्यांना पूर येऊन बांध फुटला. भगदाड इतके मोठे होते की मंत्र्यांनी काम अशक्य मानले आणि लोकांचा धीर खचला. तरी बांध पुन्हा उभा राहिला, पूर्वीपेक्षा भक्कम. आणि लेखात अभिमानाने नोंदवले आहे की या कामासाठी प्रजेवर जादा कर लावला नाही आणि वेठ घेतली नाही.

वेठबिगारी काय असते हे ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी भोगले, त्यांना या ओळीचे मोल वेगळे सांगायला नको. राजाची ती कृपा होती. आपल्याकडे आज संविधान आहे, त्यामुळे आपण कृपा मागत नाही, हिशेब मागतो.

आपण काय करायचे

पहिले काम नोंदीचे. वस्तीतले तरुण एका रविवारी विहारात जमून यादी करू शकतात: रस्ता, पूल, हातपंप, नाली, स्मशानभूमी, समाजमंदिर, अंगणवाडी. प्रत्येकाचा तारखेसह फोटो घ्यावा, पुराच्या पाण्याची खूण मोजून लिहावी. मग ग्रामपंचायतीत नमुना २२ आणि २३ पाहावेत. जे नोंदीत नाही त्यासाठी ग्रामसभेला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

दुसरे काम वेळेचे. आपल्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे निघतात. पंचनामे, अंदाजपत्रके आणि २६ जानेवारीची ग्रामसभा होते तेव्हा अर्धी वस्ती उसाच्या फडात असते. म्हणून गाड्या निघण्यापूर्वीच वस्तीने आपली यादी सह्या-अंगठ्यांसह ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे द्यायला हवी. माणसे परत आल्यावर १ मे च्या ग्रामसभेत त्या यादीचे काय झाले हा प्रश्न विचारावा आणि तो इतिवृत्तात लिहून घ्यावा.

तिसरे काम देखरेखीचे. काम मंजूर झाल्यावर माहितीच्या अधिकारात अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागता येते. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाहीत. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. पुस्तिकेत लिहिलेल्या नळांचा व्यास आणि पुलातल्या नळांचा व्यास टेपने मोजायला अभियंता असावे लागत नाही.

यातले एकही काम भाषणाने होत नाही. भीमजयंतीची वर्गणी, मिरवणूक, पुस्तकांचे स्टॉल हे सगळे आपण शिस्तीत उभे करतो. तीच शिस्त वर्षातून चार वेळा ग्रामसभेच्या दारात नेली, तर सिंदफणेच्या पुढच्या पुरात आपल्या वस्तीचा रस्ता निदान कागदावर तरी असेल. आणि जो कागदावर आहे तोच पुन्हा बांधला जातो.