लाखाची गोष्ट आणि दोन खोल्या

‘कौटुंबिक चित्रपट’ म्हटलं की आपल्याकडचे जाणकार नाक मुरडतात. बाळबोध, रडका, सोवळा ही त्यांची ठरलेली विशेषणं. राजा परांजपे यांचे १९५२ ते १९६३ मधले चित्रपट या मंडळींनी शेवटचे कधी पाहिले, हे मला खरंच विचारायचं आहे. त्या घरांमध्ये पैसा कमी पडतो आणि सगळी गोष्ट तिथून सुरू होते. पगार, भाडं, पेन्शन, उधारी यांचा हिशेब तोवर पडद्यावर इतक्या प्रेमानं कोणी मांडला नव्हता.

‘लाखाची गोष्ट’ (१९५२) घ्या. मुलीचा श्रीमंत बाप फाटक्या खिशाच्या तरुणापुढे अट घालतो : महिनाभरात लाख रुपये उधळून दाखव. ज्यांच्या घरात चार आण्यांचा जमाखर्च लिहिला जाई, त्या प्रेक्षकांना ही कल्पना किती गुदगुल्या करून गेली असेल! नायक राजा गोसावी तेव्हा पुण्याच्या भानुविलास थिएटरात तिकीटविक्रीला होते. चित्रपट तिथेच लागला आणि पडद्यावर लाख उडवणारा माणूस खिडकीवर बसून त्याच चित्रपटाची तिकिटं फाडत राहिला. राजाभाऊ परांजप्यांना माणसं कुठून मिळत, हे यावरून कळावं.

हे चित्रपट गदिमा-बाबूजींच्या गाण्यांवर तरले, असं एका परिसंवादात मला ठणकावून सांगण्यात आलं होतं. गाणी अवीट आहेतच. पण गदिमांकडे पटकथा आणि संवादही होते, हे कसं विसरायचं? त्यांचा संवाद ओसरीवर बसून बोलल्यासारखा येतो, म्हणून पुढचं गाणं उपरं वाटत नाही. ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) पाहताना हे पदोपदी जाणवतं. सीमाची आंधळी मुलगी रस्त्यावर गाते ती पोटासाठी. ‘पेडगावचे शहाणे’, छोट्या सचिनचा ‘हा माझा मार्ग एकला’ यांवर स्वतंत्र लिहायला हवं.

१९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’नंतर ढोलकीची लाट आली. तिच्यावर भरपूर लिहून झालं आहे. कोंडक्यांचं दशकही मी ओलांडतो. ‘अशी ही बनवाबनवी’पासून (१९८८) सुवर्णकाळ मोजणाऱ्या तरुण मित्रांना मात्र एक सांगायचंय. त्या चित्रपटातली सगळी सोंगं भाड्याच्या खोलीपायी आहेत. ते राजाभाऊंच्याच घराण्यातलं लेकरू आहे.

आजच्या कौटुंबिक चित्रपटातलं कुटुंब बंगल्यात राहतं. तिथे कोणाचा पगार किती, हप्ता कितीचा, हे कळत नाही. ज्या घरात पैशाची चणचण नाही, तिथल्या भांडणात माझा जीव अडकत नाही. शहरातल्या तरुण जोडप्यांना घराचे हप्ते फेडताना मी रोज पाहतो; त्यांचा चित्रपट कोणी का करत नाही?

राजाभाऊंच्या चित्रपटांतला माझा सगळ्यात लाडका ‘ऊन पाऊस’ (१९५४). निवृत्त मास्तर, त्यांची बायको, आणि आईबापांची वाटणी करणारी मुलं : बाप एकाकडे, आई दुसऱ्याकडे. कन्नडमध्ये पंतुलूंनी यावरून ‘स्कूल मास्टर’ केला. पुढे हीच व्यथा किती भाषांत, किती रूपांत फिरली! राजाभाऊ आणि सुमती गुप्ते यांचं ते म्हातारं जोडपं डोळ्यांपुढून हलत नाही.

मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. वडीलही शाळामास्तर. चित्रपट सुटल्यावर ते टांगा न करता आम्हाला चालवत घरी घेऊन आले, वाटेत एक शब्द बोलले नाहीत. रात्री कंदिलाशी बसून त्यांनी गावी आजोबांना कार्ड लिहिलं. मनीऑर्डर दर महिन्याला जात होतीच. या वेळी त्यांनी लिहिलं, ‘आईला घेऊन इकडेच राहायला या.’ दिवाळीच्या आत दोघं आली. दोन खोल्यांत आम्ही आठजण झालो आणि माझं अंथरूण दाराबाहेर, गॅलरीत गेलं.