कल्पना-क्रिया-अनिवार्यता, बालवयातील : भ्रमणध्वनीच्या साहाय्याने उपचार

नकोसे, भीती किंवा किळस उत्पन्न करणारे विचार मनात वारंवार घुसणे आणि त्यांमुळे आलेली अस्वस्थता शमविण्यासाठी ठराविक कृती पुनःपुन्हा कराव्या लागणे, या मनोविकृतीस कल्पना-क्रिया-अनिवार्यता असे म्हणतात. बोलीभाषेत तिला मंत्रचळ हे नाव असून वैद्यकीय व्यवहारात ‘ओसीडी’ हे आद्याक्षरी नाव रूढ आहे. मुलांमधील या विकृतीच्या मानसोपचारास स्मार्टफोन, त्यावरील ॲप, दृक्‌श्राव्य संभाषण व लेखी संदेश यांची जोड देण्याच्या पद्धती विशेषतः २०१० नंतर विकसित झाल्या. भ्रमणध्वनी हा येथे स्वतंत्र उपचार नव्हे. प्रस्थापित उपचार मुलाच्या घरापर्यंत नेणारे ते साधन आहे.

विकृतीचे स्वरूप : शंभर मुलांमागे सु. एक ते तीन मुलांत ही विकृती आढळते. बालवयात ती बहुधा दहाव्या वर्षाच्या आसपास सुरू होते. भारतात २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांतील तिचे प्रमाण सु. ०·८ टक्का आढळले. मात्र त्या सर्वेक्षणासाठी निवडलेल्या बारा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता.

हात धुणे, कडी-कुलूप तपासणे, वस्तू विशिष्ट रीतीने मांडणे, मनात आकडे मोजणे, एकच प्रश्न घरच्यांना पुनःपुन्हा विचारणे ही मुलांतील नेहमीची लक्षणे होत. मराठी घरांत ती पुष्कळदा ओळखू येत नाहीत, कारण त्यांचे बाह्यरूप परिचित आचारांसारखे असते. पुस्तकाला चुकून पाय लागला, तर नमस्कार करण्याची सवय बहुतेक मुलांना लावलेली असते. निरोगी मूल एकदा नमस्कार करून विसरून जाते. विकृतिग्रस्त मूल तोच नमस्कार ‘नीट झाला’ असे वाटेपर्यंत वीस-पंचवीस वेळा करते आणि तसे न केल्यास आईला काही होईल या भीतीने कासावीस होते. आचार कोणता, यावरून निदान होत नाही. तो थांबविता येतो की नाही आणि त्यापायी अभ्यास, झोप, खेळ यांची किती हानी होते, हे पाहावे लागते. सोवळ्याचे कौतुक असलेल्या घरात तर मुलाचा आजार काही वर्षे गुण म्हणूनही वाखाणला जातो.

मूळ उपचारपद्धती : व्हिक्टर मायर या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये लंडन येथील दोन रुग्णांवरील उपचारांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. भीती वाटणाऱ्या गोष्टीच्या सान्निध्यात रुग्णास ठेवावयाचे व नेहमीची शमनकृती त्याला करू द्यावयाची नाही, हे त्या उपचाराचे सूत्र होते. यातूनच सामना व प्रतिक्रिया-निरोध ही पद्धती पुढे आली. मुलांसाठी तिची आखणी भीतीच्या शिडीच्या रूपाने करतात. वरील उदाहरणातील मुलाने पहिल्या पायरीवर वहीला पाय लावून एकच नमस्कार करावयाचा, पुढे दहा मिनिटे थांबून करावयाचा, नंतर काही काळ मुळीच करावयाचा नाही, अशा क्रमाने तो वर चढतो. श्रद्धा मोडणे हा येथे हेतू नसतो. इतर मुले जे सहज करतात, तेवढ्यावर या मुलाला परत आणावयाचे असते. हे घरातील वडीलधाऱ्यांना आधी समजावून सांगितले नाही, तर उपचार तेथेच थांबतो.

या पद्धतीचा गुण आकड्यांतही दिसतो. अमेरिकेत ७ ते १७ वर्षे वयाच्या ११२ मुलांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बोधात्मक वर्तनचिकित्सा व सर्ट्रॅलीन हे औषध एकत्र दिलेल्या मुलांपैकी ५३·६ टक्के, केवळ वर्तनचिकित्सा दिलेल्यांपैकी ३९·३ टक्के आणि केवळ औषध दिलेल्यांपैकी २१·४ टक्के मुले जवळजवळ लक्षणमुक्त झाली. निष्प्रभ गोळी दिलेल्या गटात हे प्रमाण ३·६ टक्के होते.

भ्रमणध्वनीचे कार्य : चिकित्सक मुलाला आठवड्यातून एकदा, पाऊण तास, आपल्या खोलीत पाहतो. विकृती मात्र न्हाणीघरात, देवघरापाशी, शाळेच्या बाकावर आणि रात्री अंथरुणात प्रकट होते. मधल्या सहा दिवसांत मुलाने शिडीवरचा सराव केला की नाही, यावर उपचाराचे यश अवलंबून असते. पूर्वी यासाठी कागदी नोंदी देत. मुले त्या बहुधा भेटीच्या आदल्या संध्याकाळी एकदम भरून काढीत, हा चिकित्सकांचा सार्वत्रिक अनुभव होय.

ॲपमध्ये त्या दिवसाची पायरी दिसते व ठरलेल्या वेळी आठवण होते. सराव सुरू करताना मूल आपली भीती शून्य ते दहा या श्रेणीत नोंदविते व दर काही मिनिटांनी नवा आकडा भरते. भीतीचा आलेख बहुधा चढून उतरतो आणि तो उतार स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे हे मुलाला कोणत्याही उपदेशाहून अधिक पटते. कधी तो उतरतही नाही. तरी ‘भीती राहिली, पण आईला काही झाले नाही’ हे मूल शिकते आणि अलीकडील मतानुसार हेच शिकणे अधिक महत्त्वाचे असते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या चिकित्सकांनी अशा ॲपची जोड दिलेल्या बालरुग्णांची उदाहरणे २०१४ मध्ये प्रसिद्ध केली.

दृक्‌श्राव्य संभाषणाचा लाभ निराळा आहे. आई फोन हातात धरून मोरीपाशी उभी राहते आणि चिकित्सक मुलाला नळ बंद करण्याच्या क्षणीच मार्गदर्शन करतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३१ मुलांच्या एका अमेरिकन अभ्यासात संगणकाच्या कॅमेऱ्याद्वारे उपचार मिळालेल्या १६ पैकी १३ मुलांना गुण आला. प्रतीक्षायादीतील १५ पैकी तो दोघांनाच आला. २०१७ मध्ये ४ ते ८ वर्षांच्या २२ मुलांवरील लहान चाचणीतही कुटुंबासह असा उपचार शक्य असल्याचे दिसले.

सर्वांत पद्धतशीर काम स्वीडनमध्ये झाले. तेथील कारोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी मुलांसाठी पाठांच्या रूपाने आंतरजालावरील उपचारक्रम तयार केला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १२ ते १७ वर्षांच्या ६७ मुलांवरील चाचणीत तो प्रतीक्षायादीपेक्षा सरस ठरला आणि चिकित्सकाचा वेळ प्रत्येक मुलामागे आठवड्याला सरासरी वीस मिनिटांहून कमी लागला. २०२१ मधील चाचणीत १५२ मुले होती. आधी आंतरजालावरील उपचार व त्याने पुरेसा गुण न आलेल्यांनाच प्रत्यक्ष भेटी, ही व्यवस्था सर्वांना प्रत्यक्ष भेटी देण्याच्या तुलनेत उणी ठरली नाही. या यशातील दोन गोष्टी नजरेआड होऊ नयेत : संदेशांना उत्तर देणारा प्रशिक्षित माणूस दुसऱ्या टोकाला होता आणि गुण न आलेल्या मुलासाठी दवाखान्याचे दार उघडे होते.

दुरुपयोग : भ्रमणध्वनी विकृतीच्याही कामी येतो. ‘आई, काही होणार नाही ना गं?’ या प्रश्नाला ‘नाही रे बाळा’ हे उत्तर मिळाले, की मुलाला दोन मिनिटे बरे वाटते आणि प्रश्न पुन्हा उगवतो. आश्वासन ही शमनकृतीच होय. पूर्वी आई शेतावर गेली, की हे विचारणे निदान संध्याकाळपर्यंत थांबे. फोनमुळे ते दिवसभर चालू शकते. कुलपाचे छायाचित्र काढून वारंवार पाहणे, आजारांची माहिती शोधत राहणे, ॲपमधील नोंद ‘बरोबर’ वाटेपर्यंत खोडून भरणे हेही याच जातीचे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी संभाषणयंत्रे तर प्रश्नाला शंभराव्या वेळीही न कंटाळता उत्तर देतात. या एका आजारात तो त्यांचा दोष ठरतो. म्हणून पालकांनी द्यावयाचे उत्तर चिकित्सक आधीच मुलाच्या संमतीने ठरवितो, उदा., ‘हा प्रश्न मंत्रचळाचा आहे, मी उत्तर देणार नाही’. आणि तेवढेच संदेशातून धाडले जाते.

महाराष्ट्रातील परिस्थिती : राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत, मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही. कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीसारख्या गावाला छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय (घाटी) हाच मोठा सार्वजनिक आधार. तेथे एका भेटीसाठी पालकाची दिवसाची मजुरी आणि मुलाची शाळा बुडते. वर्तनचिकित्सेला तर ओळीने बारा ते चौदा भेटी लागतात. परिणामी असे मूल केवळ औषधावर राहते किंवा मांत्रिकाकडे नेले जाते. पहिल्या दोन भेटी प्रत्यक्ष आणि पुढील बहुतेक दृक्‌श्राव्य, ही विभागणी अशा गावांना सर्वांत सोयीची दिसते. केंद्र शासनाने मार्च २०२० मध्ये काढलेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांमुळे ती नियमांतही बसते. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या टेली-मानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य सल्ला मिळतो. तो प्राथमिक साहाय्याचा मार्ग असून शिडीवरील साप्ताहिक उपचाराची जागा घेत नाही. मुलाच्या बोलण्यात आत्महत्येचे विचार आल्यास मात्र दूरस्थ उपचारावर विसंबून न राहता त्याला तातडीने रुग्णालयात नेले पाहिजे.

खेडेगावातील घरात स्मार्टफोन बहुधा एकच असतो. तो वडिलांबरोबर बाहेर जातो आणि मुलीच्या हाती मुलापेक्षा उशिरा येतो. तेव्हा सरावाची वेळ फोन घरी असण्याच्या वेळेवर ठरवावी लागते. सामायिक फोनवरील नोंदी काका, भाऊ, शेजारी कोणीही वाचू शकतात. या विकृतीतील विचार कित्येकदा लैंगिक, हिंसक किंवा देवनिंदेचे असतात व मुलाला त्यांची विलक्षण लाज वाटते. म्हणून अशा नोंदीत विचाराचा मजकूर न लिहिता केवळ पायरीचा क्रमांक व भीतीचा आकडा लिहावा. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक मानली असून मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई केली आहे. उपचाराची दैनंदिन नोंद ही एका अर्थी पाळतच असल्याने, २०२५ च्या नियमांत आरोग्यसेवा देणाऱ्यांना मुलाच्या आरोग्यरक्षणापुरती सूट ठेवली आहे.