चाळिशीनंतर वर्षानुवर्षे धावणाऱ्यांचे हृदय: काय बदलते, काय तपासावे?

खराडीत पहाटे साडेपाचला बाहेर पडलात, तर ईऑन आयटी पार्कच्या बाजूच्या रुंद रस्त्यांवर धावणाऱ्यांचे घोळके दिसतील. त्यातले बरेच जण चाळिशी-पन्नाशीतले असतात. दिवसभर खुर्चीवर बसून काम, म्हणून पहाटे धावणे. आधी पाच किलोमीटर, मग दहा, मग सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा यवतेश्वर घाट आणि त्यानंतर पूर्ण मॅरेथॉन. अशा धावपटूंबरोबर त्यांच्या पत्नीही ओपीडीत येतात आणि एकच सांगतात, "डॉक्टर, यांना सांगा, आता बस करा म्हणावं. हृदयावर ताण येत असेल ना?"

उत्तर एका शब्दात देता येत नाही, पण भीतीपेक्षा दिलासा जास्त आहे.

हृदय खरोखरच मोठे होते का?

होय, आणि बहुतेक वेळा तो आजार नसतो. विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त पुढे ढकलते. जोरात धावताना चांगला सराव असलेल्या माणसात हेच प्रमाण २० लिटरच्या वर जाते. वर्षानुवर्षे हे काम केल्यावर हृदयाचे कप्पे थोडे मोठे होतात, भिंती किंचित जाड होतात आणि एका ठोक्यात जास्त रक्त जाते. म्हणून विश्रांतीची नाडी मंद होते. तुमच्या घड्याळात सकाळी ४८ दिसले आणि चक्कर, अंधारी किंवा थकवा काहीच नसेल, तर घाबरू नका.

गोंधळ होतो तो इको रिपोर्टमध्ये. 'कप्पे मोठे' असे लिहून आले की घरात रडारड सुरू होते. म्हणून इको करताना डॉक्टरांना आधीच सांगा, "मी आठवड्याला इतके किलोमीटर धावतो, इतकी वर्षे धावतो." ही माहिती नसेल तर निरोगी हृदय आजारी वाटू शकते. उलटही घडते: खरा आजार 'धावपटूचे हृदय' म्हणून सोडून दिला जातो. त्यामुळे शंका असेल तर स्ट्रेस टेस्ट किंवा एमआरआय करावा लागतो.

पन्नाशीत सुरू केले तर उशीर झाला का?

नाही. अमेरिकेतल्या डॅलसमध्ये ४५ ते ६४ वयाच्या, बैठे काम करणाऱ्या निरोगी लोकांना दोन वर्षे हळूहळू वाढणारा व्यायाम दिला गेला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. वयाबरोबर ताठर होत जाणारा हृदयाचा डावा कप्पा त्यांच्यात पुन्हा लवचीक झाला आणि व्यायामाची क्षमता सुमारे १८ टक्क्यांनी वाढली. हा व्यायाम आठवड्यातून चार-पाच दिवस होता आणि त्यात एखादा दिवस जोराचा होता. फक्त रविवारी तीस किलोमीटर धावून उरलेला आठवडा खुर्चीत काढणे म्हणजे हा व्यायाम नव्हे.

मग काळजी कशाची?

पहिली गोष्ट, एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाचे वरचे कप्पे लयीत आकुंचन पावण्याऐवजी थरथरतात. स्वीडनमध्ये वासालोपेट नावाची ९० किलोमीटरची बर्फावरची शर्यत होते. तिच्या ५० हजारांहून अधिक स्पर्धकांच्या अभ्यासात दिसले की ज्यांनी जास्त शर्यती पूर्ण केल्या किंवा जे जास्त वेगाने गेले, त्यांच्यात लय बिघडण्याचे प्रमाण जास्त होते. छातीत अचानक अनियमित फडफड, नेहमीच्या वेगाला दम लागणे, घड्याळात नाडी वेड्यासारखी वर-खाली होणे, ही लक्षणे असतील तर त्याच वेळचा ईसीजी मिळवण्याचा प्रयत्न करा. दुखणे थांबल्यावर काढलेला ईसीजी बहुतेकदा सरळ येतो. दुर्लक्ष करू नका, कारण या आजारात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो.

दुसरी गोष्ट, रक्तवाहिन्यांतला कॅल्शियम. २०१७ मध्ये ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या अभ्यासांत दीर्घकाळ व्यायाम करणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांत असे थर जास्त सापडले, पण ते मुख्यतः कडक, म्हणजे फुटण्याची शक्यता कमी असलेले होते. २०२३ मध्ये बेल्जियमच्या अभ्यासाने हा दिलासा थोडा कमी केला. तिथे आयुष्यभर सहनशक्तीचा व्यायाम करणाऱ्यांत मऊ थरही कमी आढळले नाहीत. दुसरीकडे, अमेरिकेत खूप व्यायाम करणाऱ्या पुरुषांचा कॅल्शियम स्कोअर जास्त असूनही त्यांच्यात मृत्यू वाढलेले दिसले नाहीत. माझे मत असे की स्कोअर वाढला म्हणून धावणे सोडू नका. पण "मी धावतो, मला काय होणार" म्हणून कोलेस्टेरॉल आणि बीपीची गोळी तर मुळीच सोडू नका. आपल्या भागातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक इतर देशांच्या तुलनेत सरासरी पाच-सहा वर्षे आधी येतो. धावण्याने सिगारेट किंवा अनुवंश धुतला जात नाही.

शर्यतीत कोसळण्याच्या बातम्या

बातमी मोठी होते, पण धोका लहान असतो. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉनच्या सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंत ५९ जणांचे हृदय बंद पडले, म्हणजे सुमारे १ लाख ८४ हजारांमागे एक. बहुतेक पुरुष होते. जिवंत राहिलेल्यांमागे मोठे कारण होते, शेजारच्याने लगेच दिलेला सीपीआर.

म्हणून तुमच्या धावणाऱ्या ग्रुपमध्ये निदान दोघांना सीपीआर येऊ द्या: छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब, आणि तेवढ्यात दुसऱ्याने १०८ ला फोन.

कोणी आधी तपासावे?

चाळिशी उलटली असेल आणि बीपी, मधुमेह, तंबाखू किंवा घरात लवकर हार्ट अटॅकचा इतिहास असेल, तर मॅरेथॉनची तयारी सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटा. धावताना चक्कर येऊन पडणे, छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात दुखणे, यांत शर्यत महिन्यावर आली तरी थांबा. ताप असताना धावू नका. विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज असेल तर ताण जीवघेणा ठरतो. शर्यतीआधी वेदनाशामक गोळी घेण्याची सवय असेल तर तीही सोडा, कारण पाणी कमी झालेले असताना ती मूत्रपिंडांना भारी पडते.

आणि पत्नीच्या प्रश्नाचे काय? मी बहुतेकदा त्या दोघांना समोर बसवून विचारतो: रात्री किती झोप होते, शर्यतीत दम लागला तर थांबता का, शेवटचे कोलेस्टेरॉल कधी तपासले? तिसऱ्या प्रश्नावर नवरा बायकोकडे बघतो, आणि उत्तर बहुतेकदा तिच्याकडूनच येते: "तीन वर्षे झाली."