गीझर : दुरुस्त करावा की बदलावा?

पूर्वी आपल्या घरांत स्नानाचे पाणी तांब्याच्या बंबात तापत असे. जाळी झिजली तर ती बदलत, बुडाला छिद्र पडले तर तांबट डाग देई आणि एकच बंब दोन-दोन पिढ्या चाले. आता त्याची जागा विजेच्या किंवा गॅसच्या गीझरने घेतली आहे. परंतु ‘चालते तोवर चालवावे’ ही बंबाच्या काळची वृत्ती अनेक घरांत कायम आहे. उलट काही घरांत लहानशा बिघाडासाठी सगळा गीझरच टाकून देतात. दोन्ही मार्ग तोट्याचे आहेत. पहिला तर जिवावर बेतणारा आहे.

धान्याच्या धंद्यात एक साधी कसोटी आहे. पोते उसवले तर सुतळीने शिवावे. परंतु ताग कुजला असेल तर टाका धरत नाही, तेथे पोतेच बदलावे. गीझरलाही हीच कसोटी लावावी.

विजेच्या गीझरमधील एलिमेंट, थर्मोस्टॅट व सुरक्षा-झडप हे बदलता येणारे भाग आहेत. बोअरच्या जड पाण्याने एलिमेंटवर क्षारांचा थर बसतो व ते जळते. ते नवे घालून काम भागते. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजते आणि टाकीचे पोलाद वाचविते. ती वेळेवर बदलली नाही तर गंज टाकीला लागतो. थंड पाणी स्वच्छ, पण गरम पाणी मात्र तांबूस येऊ लागले, तर कांडी व टाकी तपासून घ्यावी. टाकीलाच गळती लागली असेल तर डाग देण्याचा विचार न करता गीझर बदलावा. मात्र पाणी तापताना सुरक्षा-झडपेतून थोडे थेंब पडणे स्वाभाविक आहे, कारण तापलेले पाणी प्रसरण पावते. ती झडप कधीही बंद करू नये. दाब वाढून टाकी फुटू शकते. नळाला झिणझिण्या आल्यास मुख्य बटण बंद करावे आणि वायरमनने अर्थिंग तपासेपर्यंत गीझर वापरू नये.

वीजबिल वाचेल म्हणून सुस्थितीतील गीझर बदलण्यापूर्वी हिशेब मांडावा. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे १.१६ युनिट वीज लागतेच. गीझर जुना असो वा नवा. अधिक तारांकित गीझरमध्ये तापलेल्या पाण्याची उष्णता कमी वाया जाते, एवढाच फरक. दिवसभर गीझर चालू ठेवणाऱ्यास तो जाणवेल. स्नानापुरता अर्धा तास लावणाऱ्यास फारसा नाही.

गॅसच्या गीझरबाबत मात्र काटकसरीचा विचारच करू नये. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्यास रंग नाही, वास नाही; स्नान करणारा मनुष्य सावध होण्यापूर्वीच बेशुद्ध पडतो. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसू लागली किंवा काजळी धरली, तर त्या दिवसापासून वापर थांबवावा. बंद न्हाणीघरात हा गीझर बसविलेला असेल, तर तो नवा असला तरी तेथून काढून मोकळ्या हवेच्या जागी बसवावा.

आपल्या धर्माने प्रमादाला हिंसेचे मूळ मानले आहे. वखारीतील मालाची आपण ऋतुमानाप्रमाणे पाहणी करतो. तशीच हिवाळा सुरू होण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या घरच्या गीझरची जाणत्या कारागिराकडून तपासणी करून घ्यावी. तिचा खर्च थोडा आहे. ती टाळल्यास होणारी हानी कोणत्याही खातेवहीत भरून निघणारी नाही.