‘पेशंट चालणार कधी?’

पाठीच्या कण्याला जबर मार लागला की नातेवाईक डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारतात. स्वाभाविकच आहे. पण खुद्द पेशंटला विचारलं, तर उत्तर वेगळं येतं.

किम अँडरसन या अमेरिकन संशोधक स्वतः मज्जारज्जूच्या इजेसह जगतात. त्यांनी २००४ साली अशाच ६८१ जणांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. सर्वांत आधी काय परत मिळावं, असा प्रश्न होता. हातपाय चारही लुळे पडलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी हात मागितले. स्वतःच्या हाताने घास घेता यावा, दात घासता यावेत! फक्त कमरेखालचा भाग गेलेल्यांच्या यादीत अव्वल होतं लैंगिक जीवन. आपल्याकडच्या दवाखान्यात हा विषय पेशंट काढत नाही आणि डॉक्टरही काढत नाहीत. चालणं दोन्ही याद्यांत पहिलं नव्हतं.

सुधारणा मोजण्यासाठी जगभर ‘स्किम’ नावाची मोजपट्टी वापरतात. ती इस्रायलमधल्या डॉक्टरांनी बनवली. एकूण गुण शंभर. त्यातले २० जेवण, अंघोळ, कपड्यांना. ४० हालचालीला आणि उरलेले ४० श्वास, लघवी व शौचाला. ही विभागणी करणाऱ्यांना पेशंटचं दुखणं नेमकं कळलं होतं, असंच म्हणावं लागेल. लघवी वेळेवर आणि स्वच्छपणे काढता आली तर मूत्रपिंडं शाबूत राहतात, शिवाय माणूस लग्नकार्यालाही निर्धास्त जातो. ठरावीक वेळाने स्वतःच कॅथेटर घालून लघवी काढण्याची सोपी पद्धत १९७२मध्ये पुढे आली. तिने किती जणांना घराबाहेर काढलं असेल!

त्याआधी मुळात जगणंच कठीण होतं. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेले बहुतेक सैनिक बेडसोर आणि मूत्रसंसर्गाने गेले. नाझी जर्मनीतून इंग्लंडला आलेल्या डॉ. लुडविग गुटमान यांनी १९४४मध्ये स्टोक मँडेव्हिलला खास विभाग सुरू केला. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, पेशंटची कूस बदलायची हा त्यांचा दंडक. पेशंट जगू लागले; मग गुटमान यांनी त्यांच्या हाती धनुष्यबाण दिले. २९ जुलै १९४८ रोजी तिकडे लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन होत असताना इथे १६ जणांची तिरंदाजी रंगली. पॅरालिम्पिकचा उगम हाच.

ती परंपरा आपल्या सांगली जिल्ह्यापर्यंत पोहोचते. १९६५च्या युद्धात गोळ्या झेललेले मुरलीकांत पेटकर पोहायला लागले आणि १९७२मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक घेऊन आले, ३७.३३ सेकंदांत! पुण्याजवळ खडकीला जखमी जवानांसाठीचं पुनर्वसन केंद्रही त्याच दशकातलं, १९७४चं.

प्रत्येकाने पेटकर व्हावं, अशी अपेक्षा मात्र अन्यायाची. वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस १९५४च्या अपघातानंतर व्हीलचेअरवर बसून कुष्ठरुग्णांच्या हातांच्या शस्त्रक्रिया करू लागल्या. पुढे न्यूयॉर्कला शिकून आल्या आणि १९६६मध्ये त्यांनी वेल्लोरला पुनर्वसन संस्था उभारली. तिथे आजही जुन्या पेशंटचा मेळा भरतो. तपासण्या होतात, खेळ होतात, गप्पा होतात. डिस्चार्जनंतर कोण कसं जगतंय, हे तिथे कळतं. पुनर्वसनाची खरी परीक्षा तीच.

कारण समाधान ही गोष्ट बाहेरून मोजता येत नाही. अमेरिकेतल्या एका अभ्यासात तातडीच्या विभागातल्या डॉक्टर-नर्स वगैरेंना विचारलं, ‘अशी गंभीर इजा झाली तर जिवंत राहिल्याचा आनंद वाटेल का?’ फक्त १८ टक्के ‘हो’ म्हणाले. प्रत्यक्ष इजा झालेल्यांत हे प्रमाण ९२ टक्के होतं. उपचार करणाऱ्यांचाच अंदाज इतका चुकत असेल, तर ‘आता काय उरलं आयुष्यात’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांचं काय!

तेव्हा घरात असा पेशंट परत येणार असेल, तर चालण्याचा प्रश्न जरूर विचारा. पण त्याआधी टेप घेऊन न्हाणीघराचं आणि संडासाचं दार मोजा. व्हीलचेअर आत जात नसेल, तर गवंड्याला डिस्चार्जच्या आधीच बोलवा.