घरपट्टी, मोजपट्टी आणि वकील

नर्मदेच्या उत्तर तीरावरील नेमावर हे गाव आमच्या कित्येक वाचकांस तेथील सिद्धनाथाच्या प्राचीन दगडी मंदिरामुळे ठाऊक असेल. नदीपलीकडे हंडिया आहे. हा मुलूख एके काळी होळकरांच्या इंदूर संस्थानात होता आणि संस्थानाच्या एका जिल्ह्यालाच नेमावर हे नाव होते. आज हे गाव देवास जिल्ह्याच्या खातेगाव तहसिलीत मोडते व तेथे नगर परिषद आहे. देवास-इंदूरकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना हा प्रदेश परका नाही.

जेथे नगर परिषद तेथे घरपट्टी आलीच. तिकडे तिला संपत्तिकर म्हणतात, एवढाच फरक. आणि जेथे घरपट्टी तेथे ‘आमच्यावर अंमळ जास्तच बसविली आहे’ ही तक्रारही ठरलेली. मग घरात बोलणे निघते. कोणी म्हणतो, मुकाट्याने भरून टाकावी. कोणी म्हणतो, वकील द्यावा. या दुसऱ्या सल्ल्याचाच आज आम्ही थोडा विचार करणार आहोत, कारण वकील केव्हा द्यावा आणि केव्हा त्याची मुळीच गरज नाही, हे न कळल्यामुळे साध्या संसारी माणसाचे नुकसान दोन्ही बाजूंनी होते.

प्रथम आकारणी कशी होते ते पाहू. मध्य प्रदेशात नगरपालिकांचा कायदा १९६१ सालचा आहे. हल्ली तेथे घरमालकानेच आपल्या घराचा हिशेब भरून द्यावयाचा असतो. वस्ती कोणत्या विभागात आहे, बांधकाम सिमेंट-काँक्रीटचे की कौलारू, वापर राहण्याचा की दुकानाचा, यांवरून चौरस फुटाला वर्षाचा दर ठरलेला असतो. त्या दराने क्षेत्रफळास गुणले की वार्षिक भाडेमूल्य निघते आणि त्यावर शेकडेवारीने कर बसतो. मालक स्वतः त्या घरात राहत असल्यास करात निम्मी सूट मिळते. ही सूट मागावयाची राहून गेलेली घरे थोडी नसतील, असा आमचा तर्क आहे.

या पद्धतीत एक मेख आहे. मालकाने दिलेला हिशेब आणि परिषदेने केलेली मोजणी यांत दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. त्याहून अधिक निघाल्यास फरकाच्या पाचपट दंड सांगितला आहे. म्हणून ओसरी, पडवी, मागील मोरी, माडीवरची खोली हे सारे फीत लावून मोजावे आणि मगच आकडा लिहावा. परिषदेच्या निर्णयाने समाधान न झाल्यास अपील आहे, पण ते प्रथम कोर्टात जात नाही. नगर परिषदेच्या अध्यक्षांचे जे मंडळ असते, त्याच्यापुढे ते मांडावे लागते. तेथे काळा कोट घातलेल्या माणसापेक्षा बिनचूक नकाशा, जुन्या पावत्या आणि नेमक्या शब्दांत लिहिलेला अर्ज यांचे वजन अधिक पडते, असे आम्हांस वाटते.

आता थोडे गणित करू. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, घर १,२०० चौरस फुटांचे आहे, पण कागदावर १,५०० लागले आहे. दर चौरस फुटास वर्षाला १० रुपये धरला, तर भाडेमूल्यात ३,००० रुपयांचा फरक पडतो. कर शेकडा ६ धरल्यास तो फरक १८० रुपये होतो आणि मालक स्वतः राहत असल्यास ९०. वर्षाच्या नव्वद रुपयांसाठी वकिलाची फी, देवासचे हेलपाटे आणि बुडालेली रोजी! येथे वकील देणे हा शहाणपणा नव्हे. फेरमोजणीचा अर्ज स्वतः लिहावा, मुदतीच्या आत द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. हीच चूक बाजारातल्या चार भाड्याच्या गाळ्यांबाबत झाली असेल, किंवा पाचपट दंड लागला असेल, तर मात्र हिशेब निराळा होतो.

तथापि सर्वच तक्रारी फीत लावून मिटत नाहीत. चूक दोन प्रकारची असते. एक मापाची, जी एका घरापुरती असते. दुसरी नियमाची, म्हणजे ज्या नियमाने कर बसविला तो नियमच कायद्याला धरून नसतो. ही दुसरी चूक सामान्य माणसाला दिसत नाही, आणि खरा वकील लागतो तो येथे.

याचे उत्तम उदाहरण आपल्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे आहे. तेथील नगरपालिका त्या वेळी १९२५ च्या मुंबई म्युनिसिपल बरो कायद्याखाली चालत असे. वार्षिक भाडेमूल्यावर कर बसवावा, म्हणजे ती मालमत्ता भाड्याने दिली तर वर्षाला वाजवी रीतीने काय मिळेल ते पाहावे, असे त्या कायद्याचे सांगणे होते. नगरपालिकेने मात्र गिरण्यांच्या इमारतींसाठी एक सोपा नियम केला. दर १०० चौरस फुटांना ठराविक रक्कम धरावयाची आणि तीच रीत प्रत्येक मजल्याला लावावयाची. लोकमान्य मिल्सने या नियमाला आव्हान दिले. हे प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६१ साली गिरणीच्या बाजूने निकाल लागला.

न्यायालयाने दाखविलेला दोष फार मार्मिक आहे. निरनिराळ्या जातीच्या इमारतींना फुटामागे सारखेच भाडे येईल, असे या नियमाने गृहीत धरले होते. शिवाय भाडेमूल्य असे आधीच ठरवून टाकल्यावर करदात्याने हरकत घ्यावयाची ती कशाला? त्याच्या हाती फक्त क्षेत्रफळ उरते. कायद्याने दिलेला हरकतीचा हक्क कागदावर राहतो आणि व्यवहारात नाहीसा होतो. म्हणून तो नियम रद्द ठरला. हा मुद्दा गिरणीच्या कारकुनाने कितीही मोजपट्ट्या लावल्या असत्या तरी सापडला नसता.

येथे चाणाक्ष वाचक विचारील की, मग नेमावरचा चौरस फुटाचा दर तरी कसा चालतो? बार्शीला कायदा एक सांगत होता आणि नियम दुसरेच करीत होता. मध्य प्रदेशात विभागवार दर ठरविण्याची पद्धत कायद्यातच घातली गेली आहे. तेव्हा बार्शीचा निकाल हातात घेऊन नेमावरच्या मंडळापुढे जाणाऱ्यास बहुधा रिकाम्या हाताने परतावे लागेल. जुना निकाल आपल्या कायद्याला लागू पडतो की नाही, एवढे सांगण्यासाठी वकिलाची एक भेट पुरते, आणि त्या भेटीचे पैसे वाया जात नाहीत.

नियमाच्या चुकीचे आणखी एक लक्षण असे की ती एकट्याची नसते. मुंबईत २०१० पासून घरपट्टी भाड्याऐवजी भांडवली मूल्यावर बसू लागली. त्यासाठी केलेल्या काही नियमांत, जमिनीवर पुढे कधी काळी किती बांधकाम होऊ शकेल तेही मूल्यात धरले होते. या नियमांविरुद्ध प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशन ही मालकांची संघटना न्यायालयात गेली. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते नियम रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. असा खर्च एका घराला पेलणारा नव्हे. गल्लीतील पंचवीस घरांचा विभागच चुकीचा लावला असेल तर पंचवीस घरांनी मिळून एक वकील द्यावा. नेमावरच्या माणसाला अशा कामासाठी उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाकडे जावे लागते. तेथे एकट्याने जाऊ नये.

वकील देण्यापूर्वी दोन गोष्टी नीट समजून घ्याव्या. पहिली मुदतीची. मुंबईत अपील लघुवाद न्यायालयात चालते आणि त्याला २१ दिवसांची मुदत आहे. त्याआधी महापालिकेकडे रीतसर तक्रार केलेली असावी लागते आणि मागितलेला कर आधी भरावा लागतो. करदात्याला ही अट जाचक वाटते. पण अहमदाबादच्या गिरण्यांनी अशाच अटीला आव्हान दिले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली ती वैध ठरविली. प्रत्येक गावाची मुदत निराळी असते, म्हणून नोटिशीच्या पाठीमागचा बारीक मजकूर वाचावा. हरकतीची मुदत गेल्यावर आलेल्या अशिलासाठी मोठ्या वकिलालाही फारसे करता येत नाही. मध्य प्रदेशात लोकअदालतीच्या दिवशी थकलेल्या संपत्तिकराच्या अधिभारात सूट मिळते, तीवर पुष्कळजण विसंबून राहतात. ती सूट अधिभाराची असते. मोजणी चुकली की बरोबर, हे तेथे ठरत नाही.

दुसरी गोष्ट फीची. ‘कर कमी झाला तर त्यातला अमुक हिस्सा द्या’ असा सौदा कोणी मांडला तर त्याला नमस्कार करावा. निकालावर अवलंबून फी ठरविण्यास बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी वकिलांस मनाई केली आहे. फी किती, ती कोणत्या कामाची, टंकलेखन व प्रवास त्यात धरला की नाही, हे वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी विचारावे. भल्या वकिलाला त्याचा राग येत नाही. ज्यांना फी झेपत नाही त्यांच्यासाठी १९८७ च्या कायद्याने मोफत साहाय्याची सोय केली आहे. स्त्रियांना तर ते उत्पन्नाची अट न घालता मागता येते. पतीच्या पश्चात घर सांभाळणाऱ्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे आणि देवासच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

कागद देताना मूळ प्रती घरी ठेवाव्या व नकला द्याव्या. मूळ प्रती द्याव्याच लागल्या तर त्यांची यादी करून सही घ्यावी. भोपाळच्या एका वकिलाने सहकारी बँकेकडून ९७,१०० रुपये फी येणे आहे, म्हणून तिच्या खटल्यांची कागदपत्रे अडवून ठेवली होती. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, फी थकली असली तरी अशिलाचे कागद वकिलाला अडवता येत नाहीत. फीसाठी त्याने स्वतंत्र मार्ग धरावा. तेव्हा मध्येच वकील बदलण्याची वेळ आलीच तर कागद लेखी मागावे आणि त्या मागणीचीही पोच घ्यावी.